घर पाहावे दुरुस्त करून!

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. मित्रांनो, लग्नाचा अनुभव मला अजून यायचा आहे, आणि घर बांधायचा योगही इतक्यात दिसत नाही. पण २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत मी घर दुरुस्त करून पाहिले. त्यावरून एवढे मात्र ठामपणे सांगतो की म्हणीत तिसरी ओळ घालायला हरकत नाही.

आमचे गाव मुळशी तालुक्यात, पौड रस्त्याने पिरंगुटच्या अलीकडे थोडे आत. राहत्या घराच्या मागे आण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) १९९६ साली चार खोल्यांची एक चाळ बांधली होती. वर स्लॅब, विटांच्या भिंती, मागच्या बाजूला मोरी आणि संडास. त्यात कधी पाहुणे राहिले, कधी भाताची पोती राहिली. गेल्या वर्षी आण्णांची कंपनीतली नोकरी संपली तेव्हा घरात ठरले, की खोल्या नीट करून भाड्याने द्यायच्या. त्या भाड्यातून माझी फी आणि होस्टेलचा खर्च निघणार होता. म्हणून या लेखात जे चुकले ते माझ्या फीमधून चुकले, हे वाचताना लक्षात ठेवा!

आमच्या तालुक्यात भाडेकरूंना तोटा नाही. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क मुळशी तालुक्यातच येते, लवळ्याला मोठ्या शिक्षणसंस्था आहेत, पिरंगुटला कारखाने आहेत. ज्याच्याकडे चार खोल्या आहेत तो घरमालक होऊ पाहतो. पण खोली असणे वेगळे आणि ती राहण्याजोगी करून देणे वेगळे. या दोन्हींच्या मध्ये ठेकेदार उभा असतो. 'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग'च्या पेपरात मला चांगले मार्क होते, त्यामुळे कामावर लक्ष ठेवायची जबाबदारी आण्णांनी माझ्यावर टाकली. ठेकेदार पहिल्या दिवसापासून मला 'इंजिनिअर साहेब' म्हणू लागले. त्यातला टोमणा कळायला मला वीस दिवस लागले.

१. कागद

आमचे ठेकेदार शेजारच्या गावचे, नात्याने लांबचे पाहुणे. एकूण काम ४ लाख २० हजारांना ठरले. त्यात गच्चीचा कोबा, आतला गिलावा, नवे वायरिंग, नळकाम, फरशी आणि रंग, सगळे मटेरियलसह. मी म्हटले, "आण्णा, लिहून घेऊ या." आण्णा म्हणाले, "पाहुण्यांकडून कसला कागद लिहून घ्यायचा? शब्दाला काही किंमत आहे का नाही?"

शब्दाला किंमत असतेच. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. पण दोन माणसांना एकच शब्द दोन तऱ्हांनी आठवतो, अडचण तिथे येते. "रंग" या शब्दात लांबी भरणे आले का? "फरशी"त खालची दांडी, म्हणजे भिंतीलगतची पट्टी आली का? "नळकाम" म्हणताना गच्चीवरची नवी टाकी धरली होती का? आम्ही यातले काहीच बोललो नव्हतो. प्रत्येक प्रश्न काम चालू असताना उभा राहिला, आणि तेव्हा भिंती फोडून ठेवलेल्या होत्या. भिंत फोडल्यावर घासाघीस करता येत नाही.

तेव्हा पहिला धडा हा. स्टॅम्पपेपर, वकील वगैरे नको असेल तर निदान शंभर पानी वहीत एक पान लिहा. काय करायचे, कोणते मटेरियल, काय यात धरलेले नाही, किती दिवसांत, पैसे कधी, आणि मोजमाप कसे घ्यायचे. खाली दोघांच्या सह्या. पाहुण्यांना राग येईल अशी भीती वाटत असेल तर "माझ्या लक्षात राहत नाही हो, म्हणून लिहितो" असे म्हणावे. नाते टिकवायलाच कागद लागतो, हे आण्णांना आता पटले आहे.

२. ब्रास आणि सिमेंटची पोती

साइटवर मीटर चालत नाहीत, ब्रास चालतो. आणि हा ब्रास दोन प्रकारचा आहे. वाळू-खडी मोजताना १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, गिलावा-फरशी मोजताना १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. पहिल्या दिवशी मी दोन्हींची सरमिसळ केली आणि गवंडीमामा पोट धरून हसले.

पण त्यातून एक हिशेब हाती लागला, तो प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावा. १ ब्रास भिंत म्हणजे ९.२९ चौरस मीटर. त्यावर १२ मिमी जाडीचा गिलावा म्हणजे ०.१११ घनमीटर. सांधे आणि नासाडीसाठी २० टक्के धरा, मग ओल्याचे कोरडे करण्यासाठी १.३३ ने गुणा, साधारण ०.१७८ घनमीटर येते. १:४ च्या मालात त्याचा पाचवा हिस्सा सिमेंट, म्हणजे ०.०३५६ घनमीटर. ५० किलोच्या पोत्याचे आकारमान सुमारे ०.०३५ घनमीटर असते. म्हणजेच,

एक ब्रास गिलाव्याला एक पोते सिमेंट आणि साधारण पाच घनफूट वाळू.

आमच्या चार खोल्यांत आतून २२ ब्रास गिलावा होता. माझ्या हिशेबाने २२-२३ पोती पुरायला हवीत. ठेकेदारांनी चाळीस पोती उतरवून घेतली आणि ती संपलीसुद्धा. मला वाटले, सापडला चोर! मी वही घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते काही बोलले नाहीत. त्यांनी गवंडीमामांना ओळंबा आणायला सांगितला आणि भिंतीला लावून दाखवला. वर दोऱ्याला भिंत टेकत होती आणि खाली जवळजवळ पाऊण इंचाची फट होती.

जुनी भिंत ओळंब्यात नसते. ती सरळ दिसावी म्हणून कुठे १२ मिमी, कुठे २५ मिमी माल भरावा लागतो. सरासरी १८ मिमी धरले तर हिशेब दीडपट होऊन साडेतेहतीस पोत्यांवर जातो. वायरिंगच्या आणि पाइपच्या खाचा बुजवायला आणखी दोन-तीन पोती गेली. उरलेल्यांपैकी तीन पोती कोपऱ्यात दगड होऊन पडली होती, कारण ती थेट ओल्या जमिनीवर ठेवली होती. ती चूक त्यांची. बाकीची माझी, कारण पुस्तकातली भिंत नेहमी सरळ असते आणि मी तीच गृहीत धरली होती. म्हणून अंदाजपत्रक करण्याआधी प्रत्येक भिंतीला ओळंबा लावा, नंतर कॅल्क्युलेटर हातात घ्या. आणि सिमेंट फळ्यांवर, भिंतीपासून सुटे ठेवा.

दुसरा वाद दारे-खिडक्यांचा. ठेकेदारांच्या रिवाजाप्रमाणे भिंत सलग मोजायची, दार-खिडकी वजा करायचीच नाही, कारण त्यांच्या कडा भरायला जास्त मेहनत लागते. मी म्हणत होतो सगळे वजा करा. आयएस १२०० या भारतीय मानकाचा नियम मधला आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे उघडे वजा करायचे नाही, अर्धा ते तीन चौरस मीटर असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूचे वजा करायचे आणि कडांचे वेगळे धरायचे नाही. म्हणजे गवंड्याचे म्हणणे मानकानेही अर्धे मान्य केले आहे. मापाची पद्धत आधी ठरली असती तर आमची एक अख्खी दुपार आणि दोन कप चहाची कटुता वाचली असती.

३. उचल

आता सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात महाग धडा. "मटेरियल उचलायचं आहे" म्हणून ठेकेदारांनी सुरुवातीलाच चाळीस टक्के, म्हणजे १ लाख ६८ हजार घेतले. १५ मे रोजी आणखी ४२ हजार गेले. म्हणजे अर्धी रक्कम त्यांच्याकडे पोचली. २८ मे रोजी मी टेप घेऊन झालेले काम मोजले तेव्हा ते १ लाख ३८ हजारांचे भरले. आमचे ७२ हजार रुपये कामाच्या पुढे धावत होते.

असे झाले की माणूस वाईट असायची गरजच नसते. ठेकेदाराकडे एका वेळी तीन साइट असतात. जिथे काम केले की पैसे मिळतात तिथे तो माणसे पाठवतो. जिथे पैसे आधीच मिळून खर्चही झाले तिथे तो "उद्या येतो" म्हणतो. आमच्याकडे नऊ दिवस "उद्या" चालले.

सरकारी कामांत हे टाळायची जुनी पद्धत आहे. मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल नाही, आणि प्रत्येक बिलातून थोडी रक्कम अनामत म्हणून कापून दोष दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत राखून ठेवायची. हेच घरगुती कामाला लावायचे झाले तर माझ्या मते हप्ते असे असावेत:

काम सुरू करताना उचल – १० टक्के
गच्चीचा कोबा, पाणी साठवून तपासल्यावर – २० टक्के
गिलावा पूर्ण – २५ टक्के
वायरिंग व नळकाम, चाचणीनंतर – २० टक्के
फरशी व रंग – १५ टक्के
एक पावसाळा गेल्यावर – १० टक्के

ठेकेदाराकडे खरोखरच भांडवल नसेल तर सिमेंट, फरशी, वायर आपण स्वतः दुकानात जाऊन पावतीवर आणावी आणि त्याला फक्त मजुरी द्यावी. आपली धावपळ वाढते, पण पैसा आणि काम बरोबरीने चालतात. आणखी एक. मजुरांची आठवड्याची मजुरी मात्र थांबवू नका. शनिवारी त्यांच्या हातात पैसे पडले पाहिजेत. ठेकेदाराशी आपले भांडण असेल तर ते बिगाऱ्याच्या चुलीपर्यंत नेऊ नये.

४. आधी गच्ची!

आपण सीपीएम शिकतो, बाणांच्या आकृत्या काढतो, क्रिटिकल पाथ लाल पेनाने रंगवतो. दुरुस्तीचा क्रम पुस्तकात नसला तरी तो तसाच असतो: तोडफोड, गच्ची, भिंतीतल्या खाचा, त्यात पाइप आणि वायरची नळी, मग गिलावा, त्याला सात दिवस पाणी, मग फरशी, दारे-खिडक्या आणि शेवटी रंग. गिलाव्यानंतरचे ते सात दिवस कुणी काही करत नाही असे दिसते, म्हणून घरमालक ओरडतो. पण तेही कामच आहे. घाई करून ओल्या भिंतीवर रंग दिला की सहा महिन्यांत पोपडे.

मी ३ मे ते ५ जूनचा बार चार्ट काढून भिंतीवर चिकटवला होता. मृग ७ जूनच्या सुमारास, म्हणजे आपण दोन दिवस आधी मोकळे! त्यात गच्चीचे काम मी पहिल्या आठवड्यात धरले होते. पण कोब्याचे कारागीर दुसऱ्या साइटवर अडकले म्हणून ठेकेदारांनी आतला गिलावा आधी घेतला. मी "चालेल" म्हटले. हा एक शब्द मला फार महाग पडला.

कोबा १७ ते १९ मे या तीन दिवसांत झाला. २० तारखेपासून वळीव सुरू झाला, आणि २६ मे २०२५ रोजी हवामान खात्याने मान्सून मुंबई-पुण्यात पोचल्याचे जाहीर केले. एरवी तो जूनच्या १०-११ तारखेला येतो. एवढ्या लवकर आलेला पाऊस आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही आठवत नव्हता. त्याच संध्याकाळी तिसऱ्या खोलीच्या नव्या कोऱ्या गिलाव्यावरून पाण्याची धार खाली आली. आई घमेले घेऊन धावली. मी बार चार्टकडे बघत उभा राहिलो.

आता कारणे. कोबा टाकून झाल्यावर त्यावर दोन इंच पाणी साठवून दोन-तीन दिवस ठेवायचे आणि खालून बघायचे, अशी साधी चाचणी असते. ती आम्ही केली नाही, कारण मे महिन्यात पाणी टँकरचे. ठेकेदार म्हणाले, "पाऊस पडला की आपोआप टेस्ट होईल." नंतर मी हिशेब केला. आमची गच्ची साडेआठशे चौरस फूट. सरासरी दोन इंच पाणी म्हणजे साधारण १४२ घनफूट, सुमारे ४००० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरचा निम्मासुद्धा नाही! तेवढ्यासाठी एका खोलीचा गिलावा दोनदा करावा लागला.

गळत कुठून होते हे शोधायला आणखी दोन दिवस लागले. कोबा चांगला होता. उतार १:१०० चा बरोबर होता, म्हणजे वीस फूट रुंदीला जवळजवळ अडीच इंच. कठड्याच्या कडेची गोलाईही होती. पण १९ तारखेला संध्याकाळी नळवाल्याने नव्या टाकीचा पाइप खाली घ्यायला त्याच कोब्यातून भोक पाडले होते आणि कडेने नुसता सिमेंटचा लपका मारला होता. कोबेवाले म्हणत, आमचा कोबा गळत नाही. नळवाला म्हणे, माझा पाइप गळत नाही. दोघेही खरे बोलत होते. पाणी दोघांच्या कामाच्या मधून येत होते. तेव्हा ज्या जागी दोन कारागिरांची कामे एकमेकांना भिडतात त्या जागा आधीच शोधून "इथली जबाबदारी कुणाची" हे वहीत लिहून ठेवा. आणि स्लॅबमधून जाणारा प्रत्येक पाइप कोब्याच्या आधी बसवा.

याच वेळी एक गोष्ट मात्र नशिबाने बरोबर झाली होती. जुना कोबा न काढता त्यावरच नवा टाकू, असा ठेकेदारांचा आधी विचार होता. मी हट्टाने जुना काढायला लावला. १० सेंटिमीटर जाडीचा कोबा म्हणजे दर चौरस मीटरला १८० ते २०० किलो वजन. आयएस ८७५ प्रमाणे माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी धरायचा चल भार दीडशे किलोच्या आसपास असतो. म्हणजे कोब्यावर कोबा टाकणे हे गच्चीवर कायमची गर्दी उभी करण्याहून जास्त. तीस वर्षांच्या स्लॅबवर हा प्रयोग करू नये.

५. वही उघडली तेव्हा

पाऊस आला तसे बिगारी भाताच्या तरव्यांसाठी गावी गेले. मुळशीत हे धरूनच चालावे लागते. इथे भात आधी, बाकी सगळे नंतर. जून-जुलैत पेरणी आणि लावणीला माणूस मिळत नाही. ठेकेदारांचा फोन लागेना. जूनपासून खोल्या द्यायच्या म्हणून ज्यांना शब्द दिला होता ते दोघे दुसरीकडे गेले. माझ्या फीचा हप्ता आईने बचत गटातून उचलून भरला. ते मला तिने सांगितले नाही, गटाच्या पासबुकात दिसले.

८ जूनला आण्णा स्वतः ठेकेदारांच्या घरी गेले आणि त्यांना घेऊन आले. आण्णा भांडणार म्हणून मी तयारीत होतो. पण त्यांनी चहा मागवला आणि मला म्हणाले, "तुझी वही आण." ओट्यावर बसून आम्ही तिघांनी झालेले काम पहिल्या खोलीपासून पुन्हा मोजले. टेपचे एक टोक माझ्याकडे, दुसरे ठेकेदारांकडे. मग ठेकेदारांनीही खिशातून आपली छोटी वही काढली. त्यात सगळे होते, मजुरी, टेम्पो, पोती. आणि एक पान दुसऱ्या साइटचे, जिथले सव्वा लाख रुपये त्यांना वर्षभर मिळाले नव्हते. आमची उचल तिकडच्या मजुरीत गेली होती.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. एवढेच वाटले, की हे आपण मे महिन्यात विचारले असते तर? ठेकेदार निवडताना आम्ही दर विचारला, नाते पाहिले. हातात किती कामे आहेत आणि कुठे पैसे अडकलेत हे विचारलेच नाही. दोन-तीन झालेली कामे पावसाळ्यात जाऊन पाहावीत आणि तिथल्या मालकाशी बोलावे, ही साधी गोष्ट राहून गेली.

त्या ओट्यावर जे ठरले ते लगेच लिहिले. गळतीची मजुरी त्यांची, मटेरियल निम्मे-निम्मे. पुढचे पैसे काम मोजून. ४२ हजार दिवाळीपर्यंत राखून. आण्णांनी सही केली, त्यांनी केली, साक्षीदार म्हणून गवंडीमामांनी केली. त्यानंतर काम थांबले नाही. २० जुलैला संपले.

६. अर्थिंग

किल्ल्या देण्याआधी परवानाधारक वायरमनकडून सगळे तपासून घेतले, हे आमचे एकमेव शहाणपण. प्रत्येक खोलीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला होता. त्याचे टेस्टचे बटण दाबले की खटका पडत होता, म्हणून मी खूश होतो. वायरमनने सांगितले, की ते बटण फक्त आरसीसीबी चालतो का ते दाखवते, अर्थिंग आहे का ते दाखवत नाही. त्यांनी मीटर लावला. दुसऱ्या खोलीत गीझरच्या सॉकेटची हिरवी वायर बोर्डात येऊन तशीच लोंबत होती, पुढे कशालाच जोडलेली नव्हती!

अर्थिंग नसेल तर गीझरच्या पत्र्यात आलेला करंट तिथेच थांबतो आणि माणसाच्या ओल्या हाताची वाट पाहतो. आरसीसीबी नंतर तोडेलही, पण पहिला झटका माणसाला बसतो. त्या खोलीत आता आपल्यासारखीच दोन मुले राहतात. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून रंग कमी दर्जाचा चालेल, फरशी साधी चालेल, पण दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच आणि गीझरला चार चौरस मिमीची वायर आणि तपासलेले अर्थिंग, यात काटकसर नको.

७. कायद्याचे थोडे

दुरुस्ती आणि भाडे यांचे नाते महाराष्ट्राला फार पूर्वी कळले आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. गरिबांना छप्पर मिळाले, पण त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना आणि मुंबईच्या चाळी मोडकळीला आल्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे आता अवाजवी झाल्याचे म्हटले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातल्या या गोष्टी घरमालकाला आणि भाडेकरूलाही माहीत हव्यात:

कलम १४ – घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य. नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केले तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

कलम २९ – पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी घरमालकाला तोडता येत नाहीत.

कलम ५५ – करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. लिव्ह अँड लायसन्सचा खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. आमच्या खोलीचे भाडे ५५०० रुपये, अकरा महिन्यांचे ६०,५००; अनामत २० हजार, त्यावर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज सुमारे १८३३. बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे दीडशे-एकशे साठ रुपये. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. जवळच्या पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यायची.

परवानगीचे म्हणाल तर गिलावा, फरशी, रंग अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा ती लागत नाही. खोली वाढवायची किंवा मजला चढवायचा तर लागते, आणि २०१५ पासून आमचा भाग पीएमआरडीएत येतो. ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती मात्र जवळ ठेवा. आयकरात घरभाड्यातून आधी भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीचा खरा खर्च वेगळा मिळत नाही.

असो.

१ ऑगस्टला पहिले भाडेकरू आले. त्या पावसाळ्यात मी दर शनिवारी होस्टेलवरून आईला फोन करून एकच विचारायचो, "तिसरी खोली?" आणि ती म्हणायची, "कोरडी आहे रे बाबा." दिवाळीत ठेकेदार मिठाईचा पुडा घेऊन आले. आण्णांनी त्यांना आधी गच्चीवर नेले, मग तिसऱ्या खोलीचे छत दाखवले आणि खाली येऊन राखलेले ४२ हजार मोजून दिले. त्यांनी ते न मोजता खिशात ठेवले. जाताना मला म्हणाले, "इंजिनिअर साहेब, पुढचं अंदाजपत्रक तुम्ही करा, ओळंबा मी धरतो." यावेळी त्यात टोमणा नव्हता, असे मला तरी वाटते.

आता होस्टेलचा गळका नळ पाहिला की मी नुसती शिवी देत नाही. रजिस्टरमध्ये तक्रार लिहितो, तारखेसह. वर्ष-दोन वर्षांत आपण सगळेच कुणाच्या तरी खोलीत भाड्याने राहणार. तेव्हा खोली बघायला जाल तर रंग बघू नका. वर छताकडे बघा, कोपऱ्यात हात लावून ओल बघा, आणि घरमालकाला विचारा, "काका, अर्थिंग तपासलंय का?" काका चिडले तर खोली सोडा. हसून तपासणीचा कागद दाखवला तर समजा, त्यांच्या घरातही कुणीतरी एक वही ठेवली आहे.

– तृतीय वर्ष, स्थापत्य